चवदार तळ्याकाठचे समाजशास्त्र

१९२७ सालच्या मार्च महिन्याच्या वीस तारखेस कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेच्या मंडपातून निघालेल्या हजारो अस्पृश्यांनी डॉ. आंबेडकरांच्या मागोमाग महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन तेथील पाणी प्राशन केले, आणि परिषदेस आलेली माणसे आपापल्या गावी परततात न परततात तोच गावातील सनातनी मंडळींनी एकशे आठ घागरींचा विधी करून, पंचगव्य व मंत्रोच्चार यांच्या साहाय्याने, तेच पाणी पुन्हा ‘शुद्ध’ करून घेतले. या दोन कृत्यांपैकी पहिल्याचे माहात्म्य आता सर्वमान्य झाले आहे. दुसऱ्याचा उल्लेख आपण उपहासाने करतो आणि पुढे जातो. उपहास अगदीच अस्थानी आहे असे नाही. परंतु धर्म म्हणजे काय आणि तो समाजासाठी नेमके कोणते कार्य करतो, या प्रश्नाचा विचार ज्याला करावयाचा आहे, त्याने त्या घागरींपाशी थोडा वेळ थांबलेले बरे; कारण युरोपातील पंडितांनी ज्यासाठी ऑस्ट्रेलियातील टोळ्यांचे वृत्तांत धुंडाळले ते येथे एका कोकणी कसब्यात, नगरपालिकेच्या हद्दीत, दिवसाढवळ्या घडले होते.

पहिली गोष्ट अशी की, त्या तळ्याचे पाणी मुसलमान रहिवासी नेत होते, गुरेढोरेही पीत होती, आणि त्यासाठी कोणी कधी घागरी भरल्या नव्हत्या. तेव्हा शुद्धीचा हा विधी पाण्याच्या गुणधर्मासंबंधी नव्हता, हे विधी करणाऱ्यांसही अंतर्यामी ठाऊक असले पाहिजे. पाण्यात काही मिसळले गेले नव्हते. एक रेषा पुसली गेली होती, आणि ती पुन्हा ओढून घेणे एवढेच त्या मंत्रांचे प्रयोजन होते. एमिल द्युर्केम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९१२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात धर्माचे लक्षण सांगताना ईश्वराला वगळले, पारलौकिकाला वगळले, आणि केवळ एवढेच शिल्लक ठेवले की जगातील वस्तूंची पवित्र आणि सामान्य अशी विभागणी करणाऱ्या, पवित्र वस्तूंभोवती निषेधांचे कुंपण घालणाऱ्या आणि ते कुंपण मानणाऱ्या सर्वांना एका नैतिक समुदायात गोवणाऱ्या श्रद्धा व आचार म्हणजे धर्म. त्याच्या मते भक्त ज्या शक्तीपुढे नतमस्तक होतो ती शक्ती खोटी नसते. ती त्याच्या समाजाचीच शक्ती असते, फक्त तिचा चेहरा त्याला ओळखता येत नाही.

हा सिद्धान्त महाडला इतका चपखल बसतो की बसला म्हणून समाधान मानण्याचा मोह होतो. परंतु येथेच एक अडचण उभी राहते, आणि या लेखाचा सारा खटाटोप तिच्यासाठी आहे. समाज आपली पूजा देवाच्या रूपाने करतो असे म्हणताना द्युर्केम ‘समाज’ ही वस्तू आधीपासून सिद्ध आहे, तिची शिरगणती झालेली आहे आणि तिच्या चतुःसीमेविषयी काही तंटा नाही, असे गृहीत धरतो. चवदार तळ्याच्या काठी नेमका तंटा होता तो याच बाबतीत. घागरी ओतणारे ज्याला समाज म्हणत होते त्यात ओंजळ भरणारे नव्हते. मात्र त्यांना बाहेर ठेवल्यावाचून तो समाज उभाही राहत नव्हता. म्हणून माझे म्हणणे असे की, धर्म समाजाची अमुक सेवा करतो, तमुक गरज भागवतो, अशी यादी करण्यापूर्वी, त्या सेवेची मुदलात व्याप्ती कोणापुरती आहे हे विचारले पाहिजे. कारण समाजाची हद्द आखणे हे धर्माचे पहिले काम असून बाकीची सारी कामे त्या हद्दीच्या आत चालतात.

ती कामे खोटी आहेत असे मात्र कोणी समजू नये. मालिनोवस्की या मानवशास्त्रज्ञाने ट्रोब्रियांड बेटांवर पाहिले की खाजणातील संथ पाण्यात मासेमारी करणारा कोळी मंत्रतंत्राच्या भानगडीत पडत नाही, पण उघड्या समुद्रावर जाताना तोच माणूस विधींवाचून होडी लोटीत नाही. जेथे कौशल्य संपते आणि धोका उरतो तेथे विधीची हद्द सुरू होते. पोलादपूर तालुक्यातील डोंगरउतारावर नाचणी-वरी करणाऱ्या कुळाला हे सांगण्यासाठी पोलंडचा पंडित नको. राखणदाराला वर्षाकाठी कोंबडा-नारळ का द्यावयाचा, हे त्याला पुरते ठाऊक आहे. राजसत्तेलाही धर्माची अशीच गरज पडते. महाड तालुक्यातच असलेल्या रायगडावर ६ जून १६७४ रोजी ज्याला अभिषेक झाला त्याच्यापाशी गड होते, फौज होती, मुलखाचा वसूल होता. नव्हती ती केवळ मान्यता, आणि ती देण्यासाठी काशीच्या प्रसिद्ध गागाभट्टाला आणून, आधी मौंजीबंधन करून, मग सिंहासनारोहण करावे लागले. तरी त्याच वर्षीच्या सप्टेंबरात निश्चलपुरीकडून तांत्रिक पद्धतीने दुसरा अभिषेक झालाच. धर्म राज्याला अधिष्ठान देतो हे ग्रंथांतले वाक्य येथे खरे ठरते. परंतु ते अधिष्ठान मिळण्यासाठी छत्रपतीसारख्या पुरुषालाही वर्णाच्या रेषेच्या योग्य बाजूस आहोत असे सिद्ध करून दाखवावे लागले, ही गोष्ट त्या वाक्यात येत नाही.

आणि मरण. महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांना पावसाळ्याचे मरण परिचयाचे आहे. २००५ च्या जुलैत जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते येथे डोंगर खाली आला; २२ जुलै २०२१ रोजी तळीये येथे दरडीखाली ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली, आणि त्याच पावसात पोलादपुरातील साखर-सुतारवाडी व केवनाळे या वाड्यांवरही दरडी कोसळल्या. तळीयेतील कित्येकांचे देह हाती लागले नाहीत; शोध थांबविण्यात आला आणि बेपत्ता माणसे मृत म्हणून जाहीर झाली. आता सरकारी दप्तरात एखादे नाव मृतांच्या यादीत चढले म्हणजे वारसाच्या अर्जाचा मार्ग मोकळा होतो, अनुदान मिळते, सातबाऱ्यावरचा फेरफार होतो; पण घरच्या माणसांच्या लेखी मृत्यू घडण्यासाठी दहावा व्हावा लागतो, भावकीने जमावे लागते, पिंडाला कावळा शिवावा लागतो. देह न मिळालेल्यासाठी दर्भाची वा पळसपानांची प्रतिमा करून तिला अग्नी देण्याचा पालाशविधी आपल्या शास्त्रकारांनी सांगून ठेवला आहे, त्यामागील समज फार खोल आहे: मेलेल्याला निरोप देण्याचे काम जिवंतांच्या जमावाने करावयाचे असते, आणि तो जमाव जमणे हाच धीर असतो. मॅक्स वेबरने धर्माकडे दुःखाच्या अर्थाची मागणी करणाऱ्या माणसाच्या बाजूने पाहिले, आणि तेवढ्यावर न थांबता असेही बजावले की सुखी माणसालाही धर्माकडून काही हवे असते. आपले सुख आपल्या लायकीचे फळ आहे अशी ग्वाही त्याला हवी असते. कर्मविपाकाचा सिद्धान्त या दोन्ही मागण्या एकाच युक्तिवादाने पुरवतो म्हणून वेबरला तो सर्वांत सुसंगत वाटला. सुसंगत तो आहेच. वरच्या आळीतून पाहताना तर फारच सुसंगत दिसतो.

परंतु दहाव्याला जमणारी भावकी कोणाची, खांदा देणारे खांदे कोणाचे, हा प्रश्न राहतोच, आणि त्याचे उत्तर ज्याला ग्रंथांत सापडत नाही त्याने कोकणातल्या गावकीची वर्गणीची वही पाहावी. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी निघते, तिला रूपे लावतात, ती सहाणेवर बसते आणि मग घरोघर जाते; अंगण सारवलेले असते, पाट मांडलेला असतो, घरची बाई खण-नारळाने देवीची ओटी भरते, गाऱ्हाणे घातले जाते, आणि मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांसकट साऱ्या घराची खुशाली देवापुढे मागितली जात असताना भोवतालचा जमाव होकार भरतो. द्युर्केमने ज्या सामूहिक उन्मनीचे वर्णन केले आहे ती पालखी नाचू लागली म्हणजे उघड्या डोळ्यांनी दिसते, आणि गिरणगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत वर्ष काढलेला माणूस केवळ तेवढ्यासाठी बिनपगारी रजा घेऊन एस. टी. च्या रांगेत रात्र का काढीत असे, याचा उलगडाही होतो. महाडच्या वीरेश्वराच्या छबिन्याला आसपासच्या गावांतून, विन्हेऱ्याच्या झोलाईसारख्या देवतांच्या पालख्या भेटीस येतात, तेव्हा गावांगावांतले सोयरसंबंध देवांच्या नात्यांत बोलून दाखविले जातात. या सर्वांचा खर्च दर उंबऱ्यामागे वर्गणी घेऊन भागतो. ती वही म्हणजे त्या गावच्या समाजाची खरी खानेसुमारी होय. सरकारची शिरगणती माणसे मोजते. गावकीची वही उंबरे मोजते आणि कोणते उंबरे मोजावयाचे नाहीत तेही ठरवते. गावकीशी कज्जा केलेल्या, निवडणुकीत भलत्या पक्षाचे काम केलेल्या, वा मनाविरुद्ध लग्न केलेल्या कुटुंबास वाळीत टाकावयाचे झाले म्हणजे प्रथम त्याची वर्गणी घेणे बंद होते, मग पालखी त्याच्या दारावरून तशीच पुढे जाते, पुढे त्याच्या घरच्या मयताला खांदा मिळत नाही. कर वसूल न करणे हीच जेथे सर्वांत कठोर शिक्षा आहे, अशी दुसरी कोणती राजवट मला माहीत नाही.

वाळीत पडलेल्याला निदान पूर्वी आत असल्याची आठवण असते. ज्याची जागा जन्मतःच रेषेवर होती त्याचे काय? जुन्या गावगाड्यातला महार या धर्मव्यवस्थेच्या बाहेर होता असे आपण सहज म्हणतो, पण ते तितकेसे खरे नाही. गावच्या होळीत त्याचा ‘मान’ ठरलेला असे, गावची सीमा त्याला ठाऊक असे, मेलेली गुरे ओढण्यापासून मर्तिकाची वर्दी पोहोचविण्यापर्यंतची जी जी कामे केल्यावाचून इतरांचे सोवळे टिकणे अशक्य होते ती ती त्याच्या वतनाचा भाग होती. तो पूर्णपणे बाहेर असता तर त्याची कोणाला आठवणही राहिली नसती. त्याला आत घेऊनच बाहेर ठेवले होते. लुई द्युमाँने शुद्धाशुद्धाच्या द्वंद्वावर जातिसंस्थेची सारी इमारत उभी करून दाखविली ती १९६६ साली. परंतु महाडजवळच्या रावदळचे गोपाळबाबा वलंगकर, पलटणीतून निवृत्त झालेले हवालदार, यांनी ‘विटाळ विध्वंसन’ हे पुस्तक लिहून धर्ममार्तंडांना लेखी जाब विचारला तो १८८८ साली. फरक एवढाच की द्युमाँला त्या इमारतीतली सुसंगती दिसली आणि वलंगकरांना तिचे भाडे कोण भरतो ते माहीत होते.

यावर असा आक्षेप येईल की, मी ग्रामधर्माचे एक अंग घेऊन साऱ्या धर्मावर ठपका ठेवीत आहे. महाराष्ट्रापाशी वारी आहे, आणि वारीने तर जातींना एका वाटेवर आणले. आक्षेप वजनदार आहे. तो इरावती कर्वे यांच्याइतका प्रामाणिकपणे दुसऱ्या कोणी तपासला असेल असे मला वाटत नाही. त्यांनी दिंडीबरोबर पायी चालून जे लिहिले त्यात महाराष्ट्र म्हणजे काय हे वारीत उमगल्याचा आनंद आहे, आणि त्याच लेखात, एकाच दिंडीत ब्राह्मणांची आणि मराठ्यांची पंगत वेगळी बसते याची बोचही आहे. दिवसभर एका कंठाने अभंग आणि मुक्कामाला दोन चुली. भक्तीने रेषा विरळ केली, काही काळ ती दिसेनाशीही केली, पुसली नाही. पुसणे हे तिने आपले काम मानले होते की नाही यावर विद्वानांत मतभेद आहेत, आणि त्यात मी येथे शिरत नाही.

महाडच्या लढ्याचा पुढचा इतिहास धर्माकडून न्यायालयाकडे जातो. रावबहादूर बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेकौन्सिलाने १९२३ साली संमत केला होता व महाडच्या नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत त्याप्रमाणे तळे खुले केले होते. म्हणजे २० मार्चच्या सत्याग्रहींनी कोणताही कायदा मोडला नव्हता, त्यांनी तो केवळ अमलात आणला. तरीसुद्धा, तळ्यावरून परतणारे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी हूल उठली आणि मंडपावर हल्ला झाला. ही हूल अगदी बोलकी आहे: ज्याने पाणी घेतले तो आता देवापर्यंत येणार, या भीतीत पाणवठा आणि गाभारा यांना जोडणारी ती अदृश्य रेषा हल्लेखोरांच्या मनात किती सलग होती हे दिसून येते. ऑगस्टात नगरपालिकेने आपला ठराव रद्दबातल केला. डिसेंबरात स्पृश्य फिर्यादींनी दिवाणी दावा लावून मनाई हुकूम मिळविला. आणि त्या महिन्याच्या २५ तारखेस, हिंदूंपैकी कोणी जागा देईना म्हणून एका मुसलमान गृहस्थाच्या जागेत उभारलेल्या मंडपासमोर, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मण कार्यकर्त्याने मांडलेल्या ठरावानुसार मनुस्मृतीचे दहन झाले. दावा दहा वर्षे चालला. फिर्यादींची भिस्त होती ती वहिवाटीवर: अस्पृश्यांनी या तळ्यास कधी हात लावला नाही, अशी अनादी रूढी आहे, असे त्यांचे म्हणणे. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निर्णय दिला की अशी अनादी रूढी सिद्ध झालेली नाही. आजवर कोणी आले नाही याचा अर्थ कोणाला येण्याचा हक्क नव्हता असा होत नाही. इतकी साधी गोष्ट मान्य करून घ्यावयास मुनसफापासून हायकोर्टापर्यंत जावे लागले.

पाणी मिळाले. समाज मिळाला काय? कायद्याच्या सामर्थ्याची सीमा येथे दिसते, आणि ती पुढे स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयातही दिसली. मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्कार टाकण्यास मनाई करणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्यास आव्हान दिले. आणि १९६२ साली न्यायालयाने बहुमताने तो कायदा घटनाबाह्य ठरविला, कारण धर्माची एकजूट राखण्यासाठी बहिष्काराचा अधिकार हा त्या धर्माचा अविभाज्य भाग असू शकतो असे बहुमताने मानले. मुख्य न्यायाधीश सिन्हा यांनी भिन्नमत नोंदविले, ते या लेखकाला अधिक पटते. पण बहुमताच्या निकालात एक रोखठोक समाजशास्त्रीय कबुली आहे हे मान्य केलेच पाहिजे. बाहेर काढण्याचा अधिकार काढून घेतला तर आत बांधून ठेवण्याची शक्तीही जाते, असे तो निकाल म्हणतो. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध पुन्हा कायदा केला, आणि त्यामागे रायगड जिल्ह्यातून येणाऱ्या वाळीत प्रकरणांच्या तक्रारींचा मोठा वाटा होता. हा कायदा आवश्यक होता. त्याच्या आधारे गावकीच्या पंचांना तुरुंगात घालता येते. पालखीला मात्र दारात नाचवता येत नाही, आणि वाळीत पडलेले कुटुंब खटला जिंकूनही जे मागत असते ते बहुधा तेच असते.

या बिंदूपाशी आंबेडकरांचा विचार आपल्या बहुतेक बुद्धिवाद्यांपासून वेगळा होतो, आणि त्यांच्या अनुयायांपैकीही पुष्कळांना तो अवघड वाटतो. ज्या रॉबर्टसन स्मिथच्या सेमिटिक धर्मांवरील १८८९ च्या ग्रंथाने द्युर्केमला दिशा दिली तोच स्मिथ आंबेडकरांनी बारकाईने वाचला होता. धर्म हा मुळात व्यक्तीच्या मनातला भाव नसून समूहाचा व्यवहार आहे, ही गोष्ट त्यांना मान्य होती. परंतु स्मिथकडून ते पुढे गेले ते एक कसोटी घेऊन: जुना धर्म समूहाच्या उपयोगावरून पारखला जाई, आधुनिक काळात तो व्यक्तीला मिळणाऱ्या न्यायावरून पारखला पाहिजे. मग एवढे मानणाऱ्या माणसाने धर्म सोडून केवळ कायदा आणि नीती यांवर का भागविले नाही? ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी उत्तर दिले आहे. चोरांच्या टोळीतही आपसात नीती असते, व्यापाऱ्यांच्या संघातही असते, जातीतही असते. ती नीती आतल्यांना जपते आणि बाहेरच्यांपुरती डोळे मिटते. म्हणून नुसती नीती पुरेशी नाही. ती पवित्र झाली पाहिजे, म्हणजे तिचा भंग कोणालाही सोयीने करता येऊ नये, आणि ती सार्वत्रिक झाली पाहिजे, म्हणजे तिला बाहेर उरू नये. द्युर्केमच्या पावित्र्याला त्यांनी असे घेतले आणि त्याचे कुंपण काढून टाकले. काढून टाकता येते काय? बाहेर कोणी नाही असे पावित्र्य आजवर कोणत्या समाजाने निर्माण केले आहे? समाजशास्त्राच्या दृष्टीने १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपुरातील दीक्षेचे खरे साहस यात आहे.

त्या साहसाचे फळ महाडात दर वर्षी दिसते. २० मार्चला आणि २५ डिसेंबरला दूरदूरून आलेली माणसे क्रांतिस्तंभापुढे आणि तळ्याच्या पायऱ्यांवर दाटी करतात, ओंजळीत पाणी घेतात, मुलांच्या डोळ्यांना लावतात. या पाण्याला आता जे पावित्र्य आले आहे ते कोणा देवाने दिलेले नाही. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात समाजाने देशाला, स्वातंत्र्याला, विवेकाला डोळ्यांदेखत देवपण दिले, असा दाखला द्युर्केम देतो. १९२७ च्या डिसेंबरातील परिषदेत आंबेडकरांनी तिची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली होती, हे द्युर्केमला कळते तर त्याला आनंद झाला असता. जेथे अपवित्रतेचा पुकारा झाला तेच तळे तीर्थ झाले, आणि धर्म समाज घडवतो याचा याहून स्वच्छ पुरावा मागण्याचे कारण नाही.

पण ज्या कसोटीने घागरींना पारखले तीच या यात्रेलाही लावली पाहिजे. न लावणे हा तिचा अपमान होईल. १९२७ च्या त्या सभांत सवर्णांपैकी सुरबानाना टिपणीस होते, अनंतराव चित्रे होते, सहस्रबुद्धे होते. ठराव मांडणारा ब्राह्मण होता, आणि जागा देणारा मुसलमान. १९५६ नंतरचा नवा धम्म महाराष्ट्रात प्रामुख्याने एका पूर्वाश्रमीच्या जातीपुरताच राहिला, आणि तळ्याभोवतीच्या सवर्ण वस्तीतल्या बहुतेक कुटुंबांना २० मार्च हा ‘त्यांचा’ कार्यक्रम वाटतो, यात दोष धम्माचा की घरांच्या बंद दारांचा, हे ठरविणे मला कठीण जात नाही. दारे आतून बंद आहेत. तरीही सार्वत्रिकतेचा जो दावा आंबेडकरांनी पावित्र्याच्या बरोबरीने मांडला त्याचा अर्धा भाग अजून वसूल व्हावयाचा आहे, आणि त्याची नोंद पाहावयाची झाली तर ती क्रांतिस्तंभावरच्या गर्दीत मिळणार नाही. महाड-पोलादपूरच्या वाड्यांवाड्यांतून यंदाच्या शिमग्याची वर्गणी कोणाकोणाच्या उंबऱ्यावर मागितली गेली, आणि बौद्धवाडीतल्या वैशाखी पौर्णिमेचे आवतण वरच्या आळीत कोणी नेले व कोणी घेतले, त्या दोन वह्या शेजारी ठेवून ती पाहावी लागेल.